दादाला न दिसलेलं

नांदेड
२१ ऑगस्ट २०२४

सिंधू वहिनी,

हे पत्र दादासाठी आहे, पण वाचायचं तुम्हाला आहे. मोठ्यानं वाचा. तो उठून बाहेर गेला तर मागं जा आणि तिथं वाचा. फोनवर माझा आवाज ऐकला की तो फोन तुमच्या हातात परत देतो. पत्राला आवाज तुमचा असेल, म्हणून पत्र.

दादा, मी राजकन्या.

सव्वादोन वर्षांनी लिहितेय. मी आता नांदेडला असते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, मानसशास्त्र घेतलंय. मुलींच्या वसतिगृहात राहते. मायचे गुडघे दुखतात, बाकी ती बरी आहे. अण्णा आहेत तसेच. तुझं नाव घरात कुणी काढत नाही, आणि जेवताना माय अजून एक भाकरी जास्तीची थापते.

काल वर्गात जे झालं ते सांगायला लिहितेय.

आम्हाला शिवम्मा मॅडम शिकवतात. देगलूरकडच्या आहेत, मराठी बोलताना वाक्याच्या शेवटी कानडीसारखा हेल काढतात. काल त्यांनी मेंदूचा एक प्लास्टिकचा नमुना आणला होता, रंग उडालेला. टेबलावर ठेवला आणि विचारलं, "पाहतं कोण?"

सगळ्या म्हणालो, डोळे.

"डोळे तर नुसतं दार हो. दारातून आलेला पाहुणा कुठं जाऊन बसतो?" असं म्हणून त्यांनी स्वतःचा तळहात डोक्याच्या मागं, अंबाड्याच्या खाली ठेवला. "इथं. माणसाला दिसतं ते इथं."

दादा, माझा हात आपोआप माझ्या डोक्याच्या मागं गेला. लातूरला परांचीवरून पडलास तेव्हा तुला टाके तिथंच पडले होते. सतरा. दवाखान्यात मी मोजले होते.

मॅडम पुढं म्हणाल्या, "समजा हा एवढा भाग मेला. डोळे मात्र साफ आहेत. डॉक्टर बॅटरी मारून बघतील, बाहुली बारीक होईल. म्हणतील, डोळ्यांत काही दोष नाही. पण त्या माणसाला काहीच दिसणार नाही. अंधारसुद्धा दिसणार नाही. आता सांगा, तुमच्या पाठीमागं तुम्हाला काय दिसतं? काळं दिसतं का? नाही ना? काहीच दिसत नाही. त्याचं सगळीकडं तसं होतं."

तू मायला अगदी हेच सांगितलं होतंस. ओसरीवर बसून. "माय, अंधार न्हाई दिसत. काहीच न्हाई दिसत." आणि आपल्या घरात सगळ्यांनी त्याचा अर्थ काय काढला? अंधार दिसत नाही म्हणतो, म्हणजे उजेड दिसत असणार.

मी तिथंच उठले असते तरी चाललं असतं. पण मॅडम अजून बोलत होत्या. "आणि ह्यातली काही माणसं अशी असतात, की वाटेत खुर्ची ठेवली तर वळसा घालून जातात. विचारलं, खुर्ची दिसली का? तर म्हणतात, कुठली खुर्ची?"

मग मी उठले. परवानगी न विचारता बाहेर आले आणि पाण्याच्या टाकीजवळ जमिनीवर बसले. भीती नव्हती ती. लहानपणी सहस्रकुंडला तू मला धबधब्याच्या काठाशी धरून उभं केलं होतंस, तेव्हा झालं होतं तसं काहीतरी. एवढं मोठं काही समोर असतं आणि आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

त्या दिवशी मी तुझ्याकडं पेरू फेकला आणि तू मान वाकवलीस. मी गल्लीभर ओरडले की तुला दिसतंय.

तू खोटं बोलत नव्हतास. एवढं आज लिहिते. बाकीचं लिहायला हात होत नाही.

राजकन्या


नांदेड
९ सप्टेंबर २०२४

दादा,

वहिनींचं कार्ड आलं. दोनच ओळी आहेत. "वाचून दाखवलं, ते उठून गेले नाहीत. म्हणाले, पेरू नव्हता."

हो. पेरू नव्हता. धोंडा होता.

तुला दिसत नसताना तू हे ओळखलंस, कारण मागं पत्र्याचं दार होतं आणि धोंडा त्याच्यावर आदळला. पेरूचा तसा आवाज होत नाही. पंधरा दिवस झाले मी ह्या एका शब्दावर अडले होते. मनात म्हणत होते, पेरू लिहिलं तर काय बिघडतं, मुद्दा तोच. पण मुद्दा तो नव्हता.

आता सगळं लिहिते. वहिनी, थांबू नका.

मे महिना होता. तुला घरी आणून तीन महिने झाले होते. डोळ्यांच्या शिबिरात दाखवलं होतं, त्यांनी डोळे चांगले आहेत म्हटलं होतं, आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. सकाळी तू मोरीकडून ओसरीकडं येत होतास, काठी भिंतीला टेकवून. मी अंगणात मधोमध बाज आडवी टाकली होती. ती चुकून राहिली नव्हती, मी मुद्दाम टाकली होती. तू बाजेपाशी आलास, पाऊल डावीकडं टाकलंस, वळसा घातलास आणि पुढं आलास. धक्कासुद्धा लागला नाही. माझ्या अंगाची लाही झाली. मी म्हटलं, हा आम्हाला येडं करून राहिला.

दुपारी तू पत्र्याच्या दारापाशी उभा होतास. मी समोरून, काहीच न बोलता, ढिगातला एक धोंडा उचलला. लिंबाएवढा होता. तुझ्या तोंडाच्या दिशेनं फेकला. लागला असता तर काय झालं असतं याचा विचार मी केला नव्हता असं लिहिणार होते. तेही खरं नाही. केला होता. लागला तर तू खरा, नाही लागला तर तू खोटा, असा विचार केला होता.

तू वाकलास.

"माझा भाऊ आंधळा न्हाई, बेइमान हाय!" हे माझे शब्द. शेजारची उज्वलाकाकू आली, तिच्या मागं आणखी चारजणी आल्या. तू नुसता उभा होतास. "मला न्हाई दिसलं, माय शप्पथ न्हाई दिसलं," असं म्हणत होतास आणि तुझं तोंड पांढरं पडलं होतं. अण्णा शेतातून आले. त्यांनी काही विचारलं नाही. तुझी काठी घेतली आणि गुडघ्यावर मोडली. "माझ्या घरात तमाशा नको," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून तू किनवटच्या गाडीला गेलास. मी आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाही.

आता का ते ऐक. तू लातूरला बांधकामावर होतास म्हणून मी लातूरला शिकत होते. दिवसभर विटा लावून संध्याकाळी माझ्या खोलीवर डबा घेऊन यायचास. चुन्या-सिमेंटनं पांढरे झालेले हात पाठीमागं धरायचास, माझ्या वह्यांना लागू नयेत म्हणून. "डॉक्टरीणबाई, आज काय शिकल्या?" विचारायचास. मी हृदयाचे कप्पे सांगायचे, तू तुझ्या भाषेत त्यांच्या भिंती सांगायचास. मग तू पडलास आणि माझी खोली रिकामी झाली. तुला दिसत असतं, तर तू परत कामावर गेला असतास आणि मी परत लातूरला. तू खोटा असणं माझ्या सोयीचं होतं, दादा. मला तू खोटा हवा होतास.

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. मायलासुद्धा नाही.

राजकन्या


नांदेड
२० ऑक्टोबर २०२४

दादा,

उत्तर आलं नाही. येऊ नये असंच मी लिहिलं होतं. तरी लिहिते, कारण एक गोष्ट तुझी आहे आणि ती माझ्याकडं राहून गेली आहे.

लातूरच्या दवाखान्यातून निघताना त्यांनी एक मोठा पिवळा लिफाफा दिला होता. डोक्याचे फोटो आणि इंग्रजीतला कागद. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेंदूच्या डॉक्टरांना दाखवत राहा. आम्ही घरी आणलं, शिबिरात डोळे दाखवले, "डोळे चांगले" ऐकलं आणि तेवढंच धरून बसलो. लिफाफा माझ्या पेटीत गेला. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. मी तो उघडला नाही.

दसऱ्याला घरी गेले तेव्हा पेटीतून काढला. मॅडमना दाखवला. त्यांनी चष्मा बदलला आणि कागद दोनदा वाचला. मग त्यांच्या ओळखीचे एक मेंदूचे डॉक्टर आहेत, सिद्धराम नावाचे, त्यांच्याकडं मला घेऊन गेल्या. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. करड्या रंगाचा मेंदू, अक्रोड फोडल्यासारखा, आणि मागच्या बाजूला, डावीकडं आणि उजवीकडं, दोन डाग. पेनाच्या टोकानं त्यांनी ते दाखवले.

"हे दोन्हीकडचं गेलंय. ह्या माणसाला दिसणं शक्य नाही," ते म्हणाले. "कोण म्हणालं दिसतंय?"

मी म्हटलं, "मी."

ते मला रागावले नाहीत. खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं. ते तुला मी माझ्या शब्दांत सांगते, वहिनी, सावकाश वाचा.

डोळ्यांतून निघालेल्या वाटा दोन आहेत. एक मोठी, डांबरी, थेट डोक्याच्या मागच्या भागात जाणारी. आपल्याला "हे झाड, ही माय, हा लाल रंग" असं जे कळतं ते ह्या वाटेनं. ती वाट तुझी बंद झाली. पण दुसरी एक आहे, बारीक, खाली मेंदूच्या देठाकडं जाणारी. शेताशेतांतून जाणाऱ्या पांदणीसारखी. ती फार जुनी आहे. माशाला आहे, बेडकाला आहे, पाखराला आहे. माणूस माणूस व्हायच्या आधीपासूनची. तिच्यावरून गेलेली खबर आपल्याला कळतच नाही. ती मनाला काही सांगत नाही, सरळ मानेला सांगते, पायाला सांगते. वाक. बाजूला हो. डांबरी सडक झाल्यावर पांदण कुणी वापरत नाही, म्हणून आपल्याला वाटतं ती मोडली. ती मोडलेली नसते.

धोंडा आला तेव्हा तू वाकला नाहीस, दादा. तुला वाकवलं. तुला न विचारता.

मी डॉक्टरांकडून चालत वसतिगृहावर आले. रस्त्यात माणसं चालली होती, भाजी घेत होती, गाडीला बाजू देत होती, आणि मला प्रत्येकाच्या डोक्यात ती बारीक वाट चालू असलेली जाणवत होती. कुणालाच पत्ता नाही. आपण स्वतःला आपण म्हणतो आणि आपल्यात आपल्याला न विचारता किती काय जागं असतं.

डॉक्टर म्हणाले, घेऊन या त्यांना. काही सिद्ध करायला नाही. त्यांना स्वतःला कळायला.

मी येऊ का किनवटला? नाही म्हणालास तर नाही येणार.

राजकन्या


नांदेड
२६ नोव्हेंबर २०२४

दादा,

परवा तू बोललास ते शब्द मी मॅडमना सांगितले. त्या म्हणाल्या, हे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवायला हवं, पण त्यांना विचारून. म्हणून लिहिते. कुठं चुकलं असेल तर वहिनींना सांग, त्या कळवतील. नको असेल तर मी कागद फाडून टाकीन.

मी किनवटला आले तेव्हा, वहिनी स्वयंपाकाला असतात त्या पोरींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तू नवीन ओटा बांधत होतास. दोरी ताणून, विटेवर तळहात फिरवून. मी दारात उभी राहिले. ओटा इतका सरळ होता की मी त्याच्याकडंच बघत राहिले. वहिनी दीडशे पोरींचा भात उतरवत होत्या, त्यांनी मला पाहिलं आणि तुला काहीच सांगितलं नाही. तूच म्हणालास, "कोण हाय? राजकन्या हाय का?"

"हाव," मी म्हणाले.

"बस."

अर्धा तास तू काम करत राहिलास. तीन विटा लावल्यास. मग बोललास ते असं:

"तू धोंडा मारला त्याचं मला काही न्हाई. राग आला होता, पण तो गेला. जे गेलं न्हाई ते येगळंच हाय. मी वाकलो का? मला दिसलं न्हाई हे मला माहीत हाय. मग मी वाकलो का? अडीच वर्षं मी सोताला हेच इचारून राहिलो. तुम्ही समदे बेइमान म्हणले तर म्हणले. पण मलाच वाटाया लागलं, की मी बेइमान हाय. माझ्यातच कुणी चोर बसला हाय, त्याला समदं दिसतंय अन् तो मला सांगून न्हाई राहिला. रात-दिवस त्याच्यासंगं राहायचं. लई भ्या वाटतं राजकन्या, आपलंच भ्या."

मी तुला पांदणीचं परत सांगितलं. तू विटेवरचा हात काढला नाहीस. "बेडकाला बी असती म्हणतेस?" असं विचारलंस. मी हो म्हणाले. तुझ्या तोंडावर हसू आलं नाही, पण कपाळ सैल झालं. ते मी पाहिलं.

आणि मग वहिनी पदराला हात पुसत आल्या. वहिनी, हे वाचताना थांबलात तरी चालेल. त्या म्हणाल्या, "मला ठावं होतं."

तू म्हणालास, "काय?"

"चुलीवरून तपेलं उतरवून मधात ठेवलं की तुम्ही वळसा घालून जाता. किती बार बघितलं. मी कुणाला बोलले न्हाई. तुम्हालाबी न्हाई. म्हणलं, हितून बी हाकललं तर कुठं जायचं."

अडीच वर्षं त्या एकट्याच हे घेऊन बसल्या होत्या. त्यांना वाटत होतं की तुला थोडं दिसत असेल आणि तू लपवत असशील. आणि तरी त्या तुझ्यासोबत होत्या. मी तुझी बहीण असून धोंडा मारला, आणि त्यांनी फक्त तपेलं जरा लांब ठेवायला सुरुवात केली.

गाडीत परत येताना हिमायतनगरपर्यंत मी रडत होते. भोकर स्टेशन आलं तेव्हा उतरावं आणि घरी जाऊन अण्णांना सगळं सांगावं असं वाटलं. उतरले नाही. आता उतरेन.

राजकन्या


नांदेड
२ फेब्रुवारी २०२५

दादा,

वहिनींनी फोनवर सांगितलं की तू विचारत होतास, "त्या दिवशी मी केलं काय ते कुणी नीट सांगेना, समदे रडतच होते. राजकन्येला म्हणावं, लिहून धाड." म्हणून लिहिते. तिथं असणाऱ्या सगळ्यांनी ते पाहिलं, तू सोडून.

वहिनींसोबत नांदेडला सिद्धराम डॉक्टरांच्या दवाखान्यात आलास, तिथलं सुरुवातीचं तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनी तुला खुर्चीत बसवलं आणि समोर एक पट्टी धरली. "आडवी की उभी?" तू म्हणालास, "साहेब, न दिसणाऱ्या माणसाची थट्टा करून राहिले का?" ते म्हणाले, "थट्टा नाही. अंदाजे सांगा. चुकलं तर चुकलं." तू खामखा, चिडून, आडवी-उभी-उभी-आडवी सांगत गेलास. वीस वेळा. त्यातल्या सतरा वेळा तुझं बरोबर आलं. तुला आकडा सांगितल्यावर तू म्हणालास, "मी तर नुसतं तोंडाला आलं ते बोललो." डॉक्टर म्हणाले, "तेच तर हवं होतं."

आता तुला ठाऊक नसलेलं.

बाहेरचा लांब व्हरांडा मोकळा करून घेतला होता, पंचवीस-तीस पावलांचा. मॅडमनी तुला सांगितलं, "काठी न घेता चालायचं. वाटेत काही असेल, काही नसेल. मी शेजारूनच चालते, पडू देणार नाही." वाटेत काय होतं ते सांगते. पहिली एक लाकडी खुर्ची, उजवीकडं. मग पाण्याची निळी बादली, बरोबर मधे. मग एकावर एक ठेवलेली दोन खोकी, डावीकडून अर्ध्या वाटेत आलेली. त्यानंतर सलाईन लावायचा लोखंडी स्टँड, हाताच्या बोटाएवढा बारीक.

तू हात पुढं केले नाहीस. दोन्ही हात शरीराशी सोडलेले. खुर्चीजवळ आलास आणि खांदा नुसता आत घेतलास, गर्दीत घेतो तसा. बादलीजवळ तुझं पाऊल मधेच थांबलं, हवेत, आणि बाजूला पडलं. खोक्यांना तू वळसा घातलास, उजवीकडून. स्टँडपाशी मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तू त्याच्या पुढं होतास आणि स्टँड हललासुद्धा नव्हता.

वहिनींनी तोंडावर पदर धरला होता. मॅडम इतक्या वर्षांपासून हे शिकवतात, पण प्रत्यक्ष त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. तू मात्र सहज चालत होतास. तुला वाटत होतं, मोकळ्या व्हरांड्यातून चालतोय.

अण्णा आलेत हे तुला कुणीच सांगितलं नव्हतं. ते येतील हे मलाही माहीत नव्हतं. संक्रांतीला मी घरी जाऊन सगळं सांगितलं होतं, धोंड्यासकट, लिफाफ्यासकट. माय रडली होती. अण्णा बैलांना पाणी पाजायला उठून गेले होते. त्या दिवशी ते सकाळच्या गाडीनं एकटेच आले. व्हरांड्याच्या टोकाला जिना आहे. तू स्टँडच्या पुढं आलास तेव्हा ते जिन्यावरून वर येऊन उभे राहिले. टोपी हातात. चपला त्यांनी खालीच काढल्या होत्या, दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं तरी. पावलांचा आवाज नव्हता.

तू पुढं आलास. त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं, पण झाले नाहीत. प्रत्येक वस्तूला वळसा घालणारा तू, त्यांच्या समोर हातभर अंतरावर थांबलास. वळसा घातला नाहीस.

मॅडमनी हळूच विचारलं, "का थांबलात?"

"माहीत न्हाई," तू म्हणालास. "पुढं काही हाय का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"दिसत तर काहीच न्हाई. पण जावंसं वाटून न्हाई राहिलं."

आता हे नीट ऐक. वहिनी, हे दोनदा वाचा.

अण्णा रडत होते. आपले अण्णा, ज्यांना मी आजीच्या मातीलाही रडताना पाहिलं नव्हतं. आवाज अजिबात नव्हता. खालचा ओठ त्यांनी दातांखाली घट्ट धरला होता, डाव्या बाजूनं, आणि हनुवटी थरथरत होती. तुझ्या चेहऱ्याकडं बघत होते. आणि बघता बघता तुझा खालचा ओठ दातांखाली गेला. डाव्या बाजूनं. तुझी हनुवटी थरथरायला लागली. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तुलाच कळेना का. तू हात उचलून गालाला लावलास आणि बोटं ओली झालेली पाहून, पाहून नाही, जाणवून, चकित झालास. "मॅडम, मला काय व्हाया लागलं?" असं म्हणालास.

त्यानंतर अण्णांनी हात तुझ्या गालावर ठेवला. "श्रीमंत," म्हणाले. तू "अण्णा?" म्हणालास आणि खाली बसलास, तेही तुझ्यासोबत खाली बसले. ते तुला माहीत आहे. त्याच्या पुढचंही तुला माहीत आहे. मी सांगतेय ते त्याच्या आधीचं, आठ-दहा श्वासांएवढं.

मी नंतर मॅडमना विचारलं. त्या फार जपून बोलल्या. म्हणाल्या, "अशा माणसांना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, तरी त्यावरचं दुःख, भीती त्यांच्या चेहऱ्यावर उमटते, अशी निरीक्षणं आहेत. मुळात चेहरा दिसत नसतो. ती जुनी वाट फक्त रस्त्यातल्या खुर्च्या सांगत नाही, समोरचा माणूस रडतोय हेसुद्धा सांगते. पण राजकन्या, मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. तुझ्या वडिलांच्या तंबाखूचा वास आला असेल. श्वास ऐकू आला असेल. शास्त्र असं लगेच हो म्हणत नाही."

मी म्हटलं, "मॅडम, वासावरून अण्णा आहेत हे कळेल. ओठ डाव्या बाजूनं धरलाय हे कळेल का?"

वहीत त्यांनी वेळ लिहिली, तारीख लिहिली आणि पेन तसंच धरून बसल्या.

तू वहिनींकडून विचारलं होतंस, आधी कोण रडलं, तू का अण्णा. मी तिथं होते, मी पाहिलं, आणि ह्या वेळी जसं पाहिलं तसंच सांगते. आधी अण्णा रडले. मग तू. समोर कुणी आहे हे तुला कळायच्याही आधी, दादा, तू त्यांच्यासारखा रडत होतास.

राजकन्या